नव्या विंडोजशी जमत नाही, माझं वय झालं का?

प्रश्न: मी ५३ वर्षांची आहे. एका कार्यालयात २२ वर्षं आवक-जावक, हिशेबाचे तक्ते आणि पत्रव्यवहार सांभाळते. विंडोज एक्सपीपासून प्रत्येक संगणक माझा मी शिकले, कुठे क्लास लावला नाही. दीड महिन्यापूर्वी माझं मशीन बदललं आणि विंडोज ११ आलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी डोकं दुखतं. स्टार्टचं बटण मधे गेलंय. राइट क्लिक केलं तर कॉपी-पेस्ट दिसत नाही. उघडलेल्या फायलींची खाली नावं येत नाहीत, नुसती चित्रं येतात. डेस्कटॉपवरच्या फायलींवर ढगाचं चिन्ह आलंय, आणि गेल्या आठवड्यात इंटरनेट बंद पडलं तेव्हा माझा मुख्य तक्ता उघडलाच नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी मनानं चांगली आहे, पण "मॅडम, सोपं तर आहे" म्हणत माउस घेते, दोन सेकंदांत काम करून देते आणि मला काहीच कळत नाही. घरी विंडोज १० आहे, ते मी शेवटपर्यंत बदलणार नाही असं ठरवलंय. बरोबर आहे ना? आणि खरं सांगा, हे वयामुळे होतंय का? वरिष्ठांकडे दुसरं काम मागावं असं रोज मनात येतं.

उत्तर:

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न मनात असेपर्यंत बाकीचं काही वाचवणार नाही. नाही, हे वयामुळे होत नाहीये. दुसरं काम मागू नका, निदान या कारणासाठी तरी नाही.

तुम्ही २२ वर्षांत जे शिकलात त्यातलं बरंचसं आता तुमच्या बोटांत आहे. फाइल सेव्ह करताना "आता सेव्ह करायचं" असा विचार तुम्ही करत नाही. माउस डाव्या कोपऱ्यात नेताना तुम्ही कोपऱ्याकडे बघतही नसाल. हात जातो, क्लिक होतं, आणि डोकं तेवढ्या वेळात पुढच्या ओळीतल्या आकड्यावर असतं. वर्षानुवर्षं आत उघडणारं दार कुणी एका रात्रीत बाहेर उघडणारं केलं, तर त्या घरातलाच माणूस दारावर आपटतो. पाहुणा आपटत नाही, कारण तो दार बघून उघडतो. शेजारच्या मुलीला हे सोपं वाटतं ते एवढ्यासाठीच. तिच्या हाताला विसरायचं फारसं काही नाही. तुमचा हात जितका तरबेज होता, तितका तो आता अडखळणार. आणि संध्याकाळचं डोकं दुखणंही खरं आहे, कारण जे काम हात आपोआप करत होता ते आता दिवसातून दोनशे वेळा डोक्याला लक्ष देऊन करावं लागतंय. एवढी मेहनत पडल्यावर दमायला होणारच.

शिवाय तुम्ही एकट्या नाही, आणि हे समजूत घालायला म्हणत नाहीये. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं स्टार्टचं बटण काढूनच टाकलं होतं. १९९५ पासून लोक ते बटण दाबत आले होते. त्याच्या जागी बोटानं सरकवायच्या मोठमोठ्या रंगीत चौकोनांचा पडदा आला. टेबलावर कीबोर्ड-माउस घेऊन बसणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता. संगणक बंद कसा करायचा हे शोधतानाही लोक थकले. ओरड इतकी झाली की एका वर्षात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ८.१ या आवृत्तीत बटण परत आलं. पूर्ण स्टार्ट मेनू परत यायला जुलै २०१५ उजाडला, तोही विंडोज १० मध्ये. त्याआधी २००७ मध्ये व्हिस्टा या विंडोजच्या वेळी असंच झालं होतं. दर थोड्या वेळानं परवानगी विचारणारी खिडकी यायची, जुने प्रिंटर चालेनात, आणि कितीतरी कार्यालयं एक्सपीवरच थांबली. आणि एक्सपी? आज तुम्ही त्याचं नाव प्रेमानं घेता, पण २००१ मध्ये ते आलं तेव्हा त्याचे निळे-हिरवे रंग पाहून लोकांनी त्याला खेळणं म्हटलं होतं.

हे सांगते ते दोन गोष्टींसाठी. एक, तक्रार करणारे मूर्ख नव्हते, अनेकदा तेच बरोबर होते आणि कंपनीला मागं यावं लागलं. दोन, जे आज अंगवळणी पडलेलं आहे तेही कधीतरी परकंच होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि तुमच्या तक्रारींकडेही मला तसंच बघायचंय. काही बाबतीत तुम्ही बरोबर आहात आणि ते बदलून घेता येतं. काही बाबतीत हाताला थोडे दिवस द्यावे लागतील. आणि एक गोष्ट अशी आहे जिथे तुम्ही ताबडतोब लक्ष घालायला हवं. ती म्हणजे तो ढग. त्याच्याकडे येते, पण आधी रोज टोचणारे काटे काढू या.

स्टार्टचं बटण डावीकडे आणता येतं. टास्कबारच्या, म्हणजे पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या, मोकळ्या जागेवर राइट क्लिक करा, "टास्कबार सेटिंग्ज" उघडा आणि सगळ्यात खालच्या "टास्कबार बिहेविअर्स" मध्ये जा. तिथे "टास्कबार अलाइनमेंट" असं असेल, त्यात "लेफ्ट" निवडा. झालं. त्याच यादीत थोडं खाली "कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स" असं एक लांबलचक वाक्य आहे. तिथे "नेव्हर" निवडलं की उघडलेल्या प्रत्येक फाइलचं नाव पूर्वीसारखं खाली दिसू लागेल. तुम्ही एका वेळी पाच-सहा तक्ते उघडून बसत असणार. नावाविना एकसारखी हिरवी चित्रं बघून योग्य तक्ता निवडणं हा छळ आहे, त्यात सवयीचा काही प्रश्न नाही. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आलं तेव्हा ही सोय त्यांनी काढली होती. लोकांनी सतत मागितल्यावर २०२३ मध्ये ती परत दिली, पण बंद ठेवून. ज्याला माहीत आहे तोच ती चालू करतो. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रामवर नेण्याची सोयही अशीच गेली आणि २०२२ मध्ये परतली. तुमच्याकडच्या सेटिंग्ज कार्यालयानं कुलूपबंद केल्या असतील, तर आयटीवाल्यांना नेमक्या याच शब्दांत विनंती करा. "मला जुनं विंडोज हवंय" म्हटलं तर ते हात वर करतील. "टास्कबारची लेबलं चालू करून द्या" म्हटलं तर एका मिनिटात करून देतील.

राइट क्लिकचं दुखणं जरा वेगळं आहे. कॉपी-पेस्ट गेलेलं नाही. शब्दांच्या यादीतून निघून ते चित्रांच्या एका आडव्या पट्टीत बसलंय. कात्री म्हणजे कट, एकावर एक दोन कागद म्हणजे कॉपी, कचऱ्याचा डबा म्हणजे डिलीट. ही पट्टी कधी मेनूच्या वरच्या टोकाला येते तर कधी खालच्या, तुम्ही क्लिक कुठे केलंत त्यावर ते ठरतं. माउसच्या जवळ यावी म्हणून तसं केलंय, पण एकाच जागी नसलेली वस्तू हाताला पाठ कशी होणार? इथे मी तुमच्या बाजूनं आहे. २०२४ च्या आवृत्तीत चित्रांखाली नावं आली, त्यामुळे थोडं सुसह्य झालं. तुमच्याकडे नावं दिसत नसतील तर मशीनचे अपडेट बाकी असण्याची शक्यता आहे. जुना, पूर्ण लांबीचा मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून ठेवून राइट क्लिक करा. तो तसाच आहे, फक्त एक पायरी मागे ढकललाय.

पण ताई, माझं ऐकाल तर कॉपी-पेस्टसाठी राइट क्लिक सोडूनच द्या. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही. तुम्हाला हे ठाऊक असेलच, कदाचित वापरतही असाल. तरी यावर थोडं बोलते, कारण या सगळ्या उलथापालथीत मला भरवशाची वाटणारी जागा ही एकच आहे. मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची कल्पना संगणकावर आणली ती १९७० च्या दशकात, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८० च्या दशकात ॲपलच्या संगणकांवर झेड, एक्स, सी, व्ही ही कीबोर्डच्या खालच्या ओळीतली लागून असलेली चार बटणं केलेलं मागे घेणं, कापणं, कॉपी करणं आणि चिकटवणं या कामांना मिळाली, आणि पुढे विंडोजनंही तीच घेतली. त्यानंतर पडदे बदलले, रंग बदलले, कोपरे गोल झाले, बटणं मधे गेली, पण ही चार अक्षरं कुणी हलवली नाहीत. विंडोजचं बटण आणि ई दाबलं की फायलींची खिडकी उघडते, हे १९९५ पासून तसंच आहे. विंडोज आणि डी दाबलं की सगळं बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो. ऑल्ट-टॅबनं खिडक्या बदलतात. एफ २ नं फाइलचं नाव बदलता येतं. पडद्यावरची प्रत्येक वस्तू कुणातरी चित्रकाराच्या मर्जीवर असते. कीबोर्डचं तसं नाही, कारण तिथे काही हलवलं तर जगातल्या सगळ्या कार्यालयांचं काम थांबेल. म्हणून जो वेळ तुम्ही नव्या जागा पाठ करण्यात घालवणार आहात, त्यातला अर्धा कीबोर्डला द्या. ते शिकलेलं पुढच्या विंडोजमध्येही कामाला येईल.

त्यात नवी एकच जोडी घ्या: विंडोज आणि व्ही. पहिल्यांदा दाबाल तेव्हा ती "टर्न ऑन" विचारेल, हो म्हणा. मग तुम्ही आजवर फक्त शेवटची कॉपी केलेली गोष्ट चिकटवू शकत होता, ते बदलेल. शेवटच्या २५ पर्यंत गोष्टींची यादी समोर येईल, हवी ती निवडायची. ही सोय खरं तर विंडोज १० मध्येच २०१८ पासून होती, पण कुणी सांगितलं नसेल. दहा पत्रांत तेच तीन संदर्भ क्रमांक भरणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. एक जपा, यादीत पासवर्डही येऊ शकतो, तेव्हा तो कॉपी केल्यावर यादीतून काढून टाका.

आता ढग.

तुमच्या पत्रातली हीच गोष्ट वाचून मला काळजी वाटली. नव्या विंडोजमध्ये खातं जोडताना वनड्राइव्ह नावाची मायक्रोसॉफ्टची सेवा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर आपल्या ताब्यात घेऊ शकते. कधी मशीन लावून देणाऱ्यानं होकार दिलेला असतो, कधी घाईघाईत "नेक्स्ट" दाबताना तो दिला जातो. तुम्हाला डेस्कटॉप पूर्वीसारखाच दिसतो, पण तिथल्या फायली आता वनड्राइव्हच्या फोल्डरात राहतात आणि इंटरनेटवर दुसऱ्या जागी साठवल्या जातात. निळा ढग असेल तर ती फाइल तुमच्या मशीनवर नाही, फक्त तिचं नाव दिसतंय. उघडाल तेव्हा ती खाली येईल, इंटरनेट असेल तर. हिरव्या कडेची बरोबरची खूण असेल तर ती सध्या मशीनवर आहे, पण जागा कमी पडली की परत जाऊ शकते. भरीव हिरव्या गोलात पांढरी खूण असेल तर ती कायम मशीनवर राहणार. तुमचा तक्ता त्या दिवशी का उघडला नाही, ते यावरून कळेल. तो हरवला नव्हता आणि तुम्ही काही चुकीचं दाबलं नव्हतं.

ही व्यवस्था मुळात वाईट नाही. मशीन बिघडलं तरी फायली वाचतात. माझा आक्षेप आहे तो न समजावता ती माणसाच्या टेबलावर बसवण्याला. एखाद्याच्या २२ वर्षांच्या कागदांची जागा बदलायची आणि त्याला सूचना म्हणून एक बोटभर ढग दाखवायचा, हे मला पटत नाही. यात एक खरा धोका आहे, तो नीट लक्षात घ्या. "जागा मोकळी करू" म्हणून वनड्राइव्हमधून फाइल डिलीट केली तर ती सगळीकडून जाते, तुमच्या डेस्कटॉपवरूनही. गेलीच, तर वनड्राइव्हच्या स्वतःच्या रिसायकल बिनमध्ये ती मिळते. खासगी खात्यावर ३० दिवस, कार्यालयाच्या खात्यावर साधारण ९३ दिवस. घाबरून लगेच काही करू नका, आधी तिथे बघा.

कार्यालयाच्या मशीनवर ही सेवा परस्पर बंद करू नका. सगळ्यांच्या फायलींचा बॅकअप त्यातूनच होत असेल, आणि मध्येच बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो. फायली तेव्हाही वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात, पण तो रिकामा पडदा बघून काळीज तुटतं. आयटीवाल्यांना एवढंच विचारा: माझ्या फायली कुठे साठतात, बॅकअप कोण घेतं, आणि माझी फाइल गेली तर ती परत कोण आणून देणार? हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. या प्रश्नांची उत्तरं कार्यालयात कुणालाच देता आली नाहीत, तर उणीव तुमच्यात नाही, आणि ती तुमच्यामुळे उघड झाली याबद्दल त्यांनी तुमचे आभार मानायला हवेत.

जाहिरातवजा सूचना, बातम्यांची पट्टी, स्टार्टमध्ये येणारी "शिफारस" यांवर फार वेळ घालवत नाही. सेटिंग्जमध्ये "पर्सनलायझेशन", त्यात "स्टार्ट" इथे त्या शिफारशी कमी करता येतात, आणि बातम्यांची पट्टी टास्कबार सेटिंग्जमध्ये "विजेट्स" बंद केलं की जाते. या गोष्टींची सवय लावून घ्या असं मी सांगणार नाही. त्या बंदच करा.

मात्र एक मोह टाळा. जुन्या विंडोजचा चेहरा परत आणून देणारे छोटे प्रोग्राम मिळतात. कार्यालयाच्या मशीनवर ते टाकू नका. विंडोजच्या आतल्या भागांना हात घालून ते काम करतात, त्यामुळे एखाद्या अपडेटनंतर टास्कबारच दिसेनासा होऊ शकतो, आणि तेव्हा तुम्हाला मदत करायला कुणी तयार नसेल.

आता त्या मुलीबद्दल. तिचा माउस घेणं हे तुमच्या न शिकण्याचं अर्धं कारण आहे, असं मला ठामपणे वाटतं. ती वाईट हेतूनं करत नाही. ज्याला येतं त्याला दुसऱ्याचा अडखळणारा हात बघवत नाही, म्हणून तो पुढे होतो. पण बघून हात शिकत नाही. तिला शांतपणे सांगा, "अगं, मला तोंडानं सांग, हात माझाच राहू दे." ती सांगेल, तुम्ही चुकाल, ती पुन्हा सांगेल. दोन सेकंदांच्या कामाला दोन मिनिटं लागतील. ती दोन मिनिटं तिच्याकडून मागून घ्या. आणि काम झाल्यावर ती गेली की तेच पुन्हा एकदा, कुणी न बघता, स्वतः करा. मी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका नव्या व्यवस्थेवर आले तेव्हा एका सहकाऱ्यानं माझ्यासाठी हेच केलं. तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा, खरोखर बांधून, आणि फक्त बोलायचा. त्यानं सांगितलेलं मला अजून येतं. बाकीच्यांनी करून दिलेलं त्याच दिवशी गेलं.

"सोपं तर आहे" हे वाक्य तिनं बोलायचं थांबवलं तर बरं, पण ते तुम्ही तिला कसं सांगाल हे तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर तिला तुमच्या तक्त्यातली एखादी गुंतागुंतीची जागा दाखवून विचारलं असतं, "हे तुला शिकवू का?" टोमणा म्हणून नव्हे. खरंच शिकवायला. तुम्हाला जे येतं ते तिला येत नाही, आणि दोघी एकमेकींकडून शिकायला लागलात की माउस हिसकावण्याची सवय आपोआप कमी होईल.

टेबलावर एक कागद ठेवा. दोन रकाने करा: "पूर्वी कुठे होतं" आणि "आता कुठे आहे". अडलं की तिथे लिहा. पाठ करायचा प्रयत्न करू नका, फक्त लिहा. सुरुवातीला कागद भरभर भरेल, मग एक दिवस लक्षात येईल की अमुक ओळ बघायला आपण चार दिवसांत गेलोच नाही. ती खोडा. आणि नवं काही शिकायचं असेल तर महिन्याअखेरच्या घाईत नको. सकाळी काम सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं, "सराव" नावाच्या फोल्डरात, ज्या फायली गेल्या तरी चालतील अशांवर. भीती नसली की हात लवकर शिकतो.

तेव्हा एक गोष्ट करून बघा, ती तुम्हाला आवडेल अशी मला आशा आहे. विंडोज आणि झेड दाबा. पडदा कसा विभागायचा याचे छोटे नमुने येतील. डाव्या अर्ध्यात तक्ता, उजव्या अर्ध्यात पत्र. आकडा इकडे बघायचा, तिकडे लिहायचा, खिडक्या मागेपुढे न करता. फायलींच्या खिडकीतही २०२२ पासून इंटरनेटसारखे टॅब आले आहेत. कंट्रोल टी दाबलं की नवा टॅब. आवक एका टॅबमध्ये, जावक दुसऱ्यात. नव्यातलं सगळंच वाईट नसतं, आणि दोन गोष्टी आपल्याला आवडल्या की बाकीचं सोसायला बळ येतं.

राहिला घरचा संगणक. इथे मात्र तुमच्या मनाविरुद्ध बोलावं लागणार आहे.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही आणि पुढेही पडणार नाही, म्हणूनच फसायला होतं. बंद झाल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. याचा अर्थ काय होतो ते २०१७ मध्ये जगानं पाहिलं. विंडोजमधल्या एका भगदाडावर मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्ये दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा हल्ला झाला. ज्यांनी ती दुरुस्ती घेतली नव्हती त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक त्यात सापडले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. तिथे निदान दुरुस्ती उपलब्ध होती. तुमच्या विंडोज १० साठी, नोंदणी केली नसेल तर, ती येणारच नाही.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, सेटिंग्जमध्ये "विंडोज अपडेट" उघडून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करायची. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. ही फक्त मुदतवाढ आहे, पण दोन्हीकडे एकदम बदल नको असेल तर तुमच्यासाठी ती सगळ्यात बरी. कार्यालयात हात बसेपर्यंत घरी जुनं राहू द्या. दुसरी, संगणक पात्र असेल तर विंडोज ११ वर जायचं. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. "पीसी हेल्थ चेक" हा मायक्रोसॉफ्टचा छोटा प्रोग्राम हे तपासून सांगतो. गेल्यावर पटलं नाही तर १० दिवसांत सेटिंग्जमधून मागे येता येतं, त्यानंतर नाही. तिसरी, संगणक पात्र नसेल पण धडधाकट असेल, तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत प्रणाली. त्याचा चेहरा तुमच्या विंडोज १० च्या जास्त जवळचा वाटेल, स्टार्टसारखं बटण डाव्या कोपऱ्यात. २०११ मध्ये लिनक्सच्या जगातही एका मोठ्या बदलावरून अशीच नाराजी पसरली होती, आणि जुन्या वळणाचा पडदा हवा असणाऱ्यांनी तो स्वतः बांधला. मिंटचा आजचा चेहरा त्यातूनच आला. पण घरी फक्त विंडोजवर चालणारा एखादा हिशेबाचा प्रोग्राम वापरत असाल तर ही वाट घेऊ नका.

कोणतीही वाट धरा, आधी घरच्या सगळ्या फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. आणि विंडोज ११ वर गेलात तर एक गोष्ट न चुकता करा. अनेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकड्यांची एक किल्ली असते. एरवी ती कधी लागत नाही. एखाद्या बिघाडानंतर अचानक मागितली जाते, आणि नसेल तर फायली कायमच्या गेल्या. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, तुमच्या उपकरणांच्या पानावर ती मिळते. तिथून ती कागदावर उतरवा आणि हार्ड डिस्कजवळ ठेवा. ती संगणकातच ठेवून उपयोग नाही.

उद्या कार्यालयात गेल्यावर, इंटरनेट चालू असताना, सगळ्यात आधी तुमच्या मुख्य तक्त्यावर राइट क्लिक करा आणि "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडा. वनड्राइव्हच्या नावाखाली असेल, किंवा शिफ्टवाल्या जुन्या मेनूत. निळा ढग जाऊन भरीव हिरवी खूण येईपर्यंत थांबा. ती आली की मगच दुसरं काम सुरू करा.